एकाचा भाग दुसऱ्यास : जुन्या ट्रॅक्टरांची सोयरीक

(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, व्यसनमुक्ती, विवाहखर्च अशा विषयांवर जाणत्या वक्त्यांची भाषणे आपण ऐकली. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही संकोचून म्हणालो की, आमचा जन्म पान्यापक्कडीत गेला, आम्ही काय बोलणार? त्यावर मंडळाने सांगितले, तुमच्या धंद्याविषयीच बोला. म्हणून जुन्या ट्रॅक्टरांविषयी, आणि एका ट्रॅक्टरचा भाग दुसऱ्यास लावण्याच्या आपल्या नित्याच्या उद्योगाविषयी चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे. विषय रुक्ष आहे खरा. परंतु सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आपल्या लोहार-सुतार समाजाच्या पुष्कळ घरांची चूल याच उद्योगावर पेटते. आणि या उद्योगात एक चूक झाली तर दुसऱ्याच्या घरची चूल विझू शकते. तेव्हा रुक्षपणाची क्षमा असावी.

सातारा आणि सांगली ही मुळात एकाच घरची. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे तालुके आणि शेजारची संस्थानी गावे मिळून दक्षिण सातारा हा जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले तरी कृष्णामाई एकच राहिली, आणि तिच्या काठच्या काळ्या रानात नांगर चालविणाऱ्यांचा व तो दुरुस्त करणाऱ्यांचा संबंधही तोच राहिला. आमच्या आजोबांच्या काळी सुताराने लाकूड तासावे आणि लोहाराने त्या लाकडाकडे पाहून फाळ ठोकावा, अशी रीत होती. त्या फाळास दुसऱ्याचा नांगर माहीत नसे. शेजारच्या शिवारातील नांगरास तो बसेल असा कोणाचा भरवसा नसे आणि तशी कोणाची अपेक्षाही नसे. प्रत्येक वस्तू एकटीच जन्माला येई आणि एकटीच झिजून जाई.

पुढे १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर खपविताना त्यांना फार यातायात पडली. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. इकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून नांगर आणि तेलावर चालणारी इंजिने निघू लागली. या नांगरांबरोबर आपल्या शिवारात एक नवी कल्पना आली, ती सुट्या भागाची. फाळ झिजला की त्याच मापाचा दुसरा फाळ बाजारातून आणावा, दोन बोल्ट आवळावे आणि औत जुंपावे. आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांना त्या वेळी आपला धंदा बुडाला असे वाटले. वास्तविक तो बुडाला नव्हता. त्याने रूप बदलले होते. भाता आणि ऐरण यांच्या जोडीस आता माप आले होते. माप काय असते, हे मात्र आपणांस पुरते कळावयास ट्रॅक्टर यावा लागला.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षे ट्रॅक्टर परदेशातूनच येत. १९५९ साली जर्मनीच्या आयशर कंपनीच्या सहकार्याने फरीदाबादेस हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. १९६० साली मद्रासेस टॅफे ही कंपनी निघून तिने मॅसी फर्ग्युसनचा ट्रॅक्टर हाती घेतला. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून कंपनी स्थापिली आणि तिचा बी-२७५ मुंबईत कांदिवलीस तयार होऊ लागला. १९७१ साली हरियाणातील पिंजोर येथे हिंदुस्थान मशीन टूल्सने झेटर घेतला. १९७४ साली पंजाबातून स्वराज निघाला, आणि त्याच्या पोटात इंजिन होते किर्लोस्करांचे! कुंडलच्या माळाने थोर केलेले नाव असे पंजाबातून फिरून पुन्हा आपल्या शिवारात आले.

नदीकाठी उपसा जलसिंचन झाले, ऊस वाढला, सहकारी साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले आणि हंगामात भरल्या ट्रेलरांच्या रांगा रस्त्यास लागल्या. ज्या शेतकऱ्यास नवा ट्रॅक्टर झेपत नाही, तो जुना घेतो. जुन्या ट्रॅक्टरचा भाग कधी मिळत नाही, कधी परवडत नाही. मग तो आपल्या दाराशी येतो आणि विचारतो, "मिस्त्री, त्याचं ह्याला बसंल का?" या एका प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर कसे द्यावे, एवढाच आजच्या आमच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मित्रहो, सोयरीक जुळविताना आपण आधी कूळ पाहतो. यंत्राच्या सोयरिकीतही कूळ पाहावे लागते. परंतु तेवढ्याने भागत नाही. आमच्या अनुभवातील तीन कुळांची उदाहरणे देतो.

पहिले कूळ इंटरनॅशनलचे. इंग्लंडात ब्रॅडफर्ड येथे १९५८ साली बी-२७५ आणि १९६१ साली बी-४१४ असे दोन ट्रॅक्टर निघाले. पहिल्याच्या इंजिनाचे नाव बीडी-१४४, दुसऱ्याच्या इंजिनाचे बीडी-१५४. हे आकडे म्हणजे चारही सिलिंडरांची मिळून घन इंचांतील जागा. दोन्ही इंजिनांत पिस्टनची चाल चार इंच. पहिल्याच्या सिलिंडरचा व्यास तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंच, दुसऱ्याचा साडेतीन इंच. अंतर अवघे एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरांहून किंचित अधिक. तेवढ्या अंतराने पिस्टन, रिंगा आणि हेडचे गॅस्केट परकी होतात. यात कोणी सहसा फसत नाही, कारण मोठा पिस्टन लहान सिलिंडरात शिरतच नाही. फसगत होते ती पुढे. चाल एक, म्हणून क्रँक एक, असे मानणारे पुष्कळ भेटतात. चाल एक असल्याने क्रँकच्या बाकाची लांबी तेवढी एक ठरते. बेअरिंगच्या जागेचा व्यास, तेलाच्या भोकांची जागा, फ्लायव्हील बसविण्याची चकती यांची हमी त्यातून मिळत नाही. ती प्रत्येक वेळी मोजूनच घ्यावी लागते.

याच कुळात आकड्याचीही एक फसगत आहे. मूळच्या इंग्रजी बी-२७५ मध्ये डिझेल प्रथम एका लहान कोठडीत पेटे; म्हणून थंड इंजिन चालू करताना तापणाऱ्या प्लगांची मदत लागे. पुढे आपल्याकडे २७५ याच आकड्यापुढे डीआय ही अक्षरे आली. फवारा सरळ सिलिंडरात, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. आकडा तोच, रंग तांबडा तोच. परंतु डिझेल पेटण्याची रीतच बदलली की हेड, पिस्टन आणि नोझल यांचे नाते तुटते. गिऱ्हाईक "दोनशे पंच्याहत्तरचे हेड द्या" असे म्हणाले, तर "कोणते दोनशे पंच्याहत्तर?" असे विचारणे हे मिस्त्रीचे पहिले कर्तव्य होय.

दुसरे कूळ मॅसीचे. इंग्लंडात कोव्हेंट्रीस १९५६ पासून फर्ग्युसन ३५ हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. आरंभी त्याच्या डिझेल नमुन्यात स्टँडर्ड कंपनीचे चार सिलिंडरांचे इंजिन असे. ते थंडीत चालू होण्यास त्रास देई. १९५९ च्या अखेरीस त्याच ३५ मध्ये पर्किन्सचे तीन सिलिंडरांचे इंजिन बसू लागले. म्हणजे नाव एक आणि इंजिने दोन! पुढे १९६४ च्या अखेरीस १३५ हा नवा ट्रॅक्टर आला. बॉनेट चौकोनी, ठेवण नवी. परंतु आत पर्किन्सच्याच १५२ घन इंचांच्या कुळातले इंजिन. म्हणजे नावे दोन आणि इंजिनाचे कूळ एक! आपल्याकडे टॅफेच्या ट्रॅक्टरांत मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने केलेली पर्किन्स वंशाची इंजिने आली. तेव्हा जो केवळ बॉनेटवरील नाव वाचतो तो ३५ च्या दोन इंजिनांना एक समजतो आणि ३५ व १३५ यांचे जवळचे नाते त्यास दिसत नाही. इंजिनाचा क्रमांक इंजिनावरच ठोकलेला असतो. त्यावरचे तेलकट कीटण चाकूने खरवडून तो वाचावा. आमच्या मते अर्धी मिस्त्रीगिरी या खरवडण्यात आहे.

तिसरे कूळ झेटरचे. चेकोस्लोव्हाकियात, आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरी, १९६० च्या सुमारास २०११, ३०११ आणि ४०११ ही भावंडे निघाली. पहिल्यास दोन सिलिंडर, दुसऱ्यास तीन, तिसऱ्यास चार. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९५ मिलिमीटर आणि चाल ११० मिलिमीटर. पुष्कळ भाग तिघांना समाईक राहावेत, अशी त्या कारखान्याची आरंभापासूनच योजना होती. मालिकेस त्यांनी नावदेखील 'एकीकृत' असेच दिले होते. पहिल्या दोन कुळांत नाते मागाहून शोधावे लागते. येथे ते आखणाऱ्यानेच आधी ठरविले. पिंजोरचा २५११ याच परंपरेतला. २०१६ साली केंद्र सरकारने पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना बंद झाला. परंतु त्याने केलेले ट्रॅक्टर शेतात उभे राहिले. ज्याचे माहेर तुटले त्यास भावंडांचाच आधार. अशा ट्रॅक्टरांच्या बाबतीत एकाचा भाग दुसऱ्यास लावणे ही काटकसर नसून गरज आहे.

आपण म्हणाल की, आता मोठ्या कंपन्यांनी लहान कंपन्या घेतल्या आहेत, तेव्हा भागही एक झाले असतील. २००५ साली आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय टॅफेकडे गेला आणि २००७ साली स्वराज महिंद्रांकडे आला, हे खरे. परंतु मालकी कागदावर बदलते आणि आटे लोखंडावर कापलेले असतात. विकत घेण्याच्या आधी जे ट्रॅक्टर शेतात उतरले, त्यांच्यापैकी एकाचाही आटा या व्यवहाराने बदलला नाही.

आटे हा शब्द आला, आणि आता आम्हांस जे सांगावयाचे आहे ते सांगण्यास जीभ अडखळते. तरीही सांगतो.

आधी थोडा इतिहास. १८४१ साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी बोल्टाचे आटे कसे असावेत याचा नियम मांडला. आट्याचा कोन ५५ अंश. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी दुसरा नियम मांडला. त्यात कोन ६० अंश. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यांची यंत्रे परस्परांच्या उपयोगी पडेनात, तेव्हा डोळे उघडले आणि १९४८ साली इंग्लंड, अमेरिका व कॅनडा यांनी एकच आटा मान्य केला. युरोपात मिलिमीटरचा आटा होताच. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली. म्हणजे आपल्या दुकानातील एका डब्यात तीन राज्यांचे नट सुखाने नांदत असतात! अर्ध्या इंचाच्या बोल्टाचे पाहा. व्हिटवर्थमध्ये एका इंचात बारा आटे. अमेरिकी वळणाच्या जाड आट्यात तेरा. डोळ्यांना दोघे जुळे भाऊ. बोटांनी फिरविले तर एकाच्या भोकात दुसरा बोल्ट दोन-तीन फेरे जातोही. मग तो अडतो. न जाणणारा पाना लावतो, जोर करतो आणि म्हणतो, "छान घट्ट बसला." वस्तुतः तो बसलेला नसतो, अडकलेला असतो. पहिल्या दोन-तीन आट्यांवर सारा भार येतो आणि ते आटे आतल्या आत चिरडलेले असतात.

उसाच्या हंगामातली एक रात्र होती. वडील त्या वेळी दुकानात मुख्य होते आणि आम्ही नुकतेच हाताशी येऊ लागलो होतो. एक ट्रॅक्टरवाला आला. स्टिअरिंगच्या पेटीचे दोन बोल्ट वाटेत पडले होते. मागे भरलेला ट्रेलर, कारखान्यावर नंबर लागलेला, गडी थंडीत कुडकुडत उभे. आम्ही डब्यात हात घातला आणि अर्ध्या इंचाचे दोन बोल्ट काढले. ते अडले, तेव्हा लांब दांड्याच्या पान्याने आवळले. पैसेही घेतले नाहीत. अडल्यानडल्याच्या कामाचे काय पैसे घ्यावयाचे, असा मोठेपणा मनात होता. पहाटे निरोप आला की, ओढ्याच्या वळणावर पेटी सुटली, चाके वळली नाहीत आणि ट्रॅक्टर खाली गेला. चालवणारा वीस-बावीस वर्षांचा पोर होता. जीव वाचला, परंतु उजवा पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही.

आम्ही वडिलांसह त्याच्या घरी गेलो. तेथे आम्हांस कोणी शिवी दिली असती तर बरे झाले असते. त्याच्या आईने आमच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "नशिबात होतं. तुमच्या हातचं काम, त्यात खोट कशी असंल?" हे शब्द आज इतक्या वर्षांनीही आमच्या कानांतून जात नाहीत. खोट आमच्याच हातची होती. आणि ते माउलीला सांगण्याचे धैर्य त्या दिवशी आमच्यात नव्हते. वडिलांनी ते सांगितले. खाली मान घालून, एकेक शब्द मोजून सांगितले. औषधपाण्याचा खर्च आपल्या शिरावर घेतला. घरी परतल्यावर त्यांनी तो डबा अंगणात पालथा केला, आट्यांची पट्टी घेतली आणि दिवस मावळेपर्यंत एकेक नट, एकेक बोल्ट मोजून वेगळा केला. आम्ही मदतीस बसलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "हे सगळे सारखे दिसतात, हाच यांचा दोष."

त्याच आठवड्यात त्यांनी एक वही घातली. हिशेबाची लाल बासनाची वही. परंतु तिच्यात रुपये-आणे नव्हते. कोणत्या ट्रॅक्टरच्या कोणत्या भागाचे मोजलेले माप काय, कोणता भाग कोणास लावून पाहिला, बसला की नाही, बसल्यावर किती दिवस टिकला, एवढेच तिच्यात लिहिलेले आहे. जे बसले नाही तेही लिहिले आहे. आमच्या मते ते अधिक मोलाचे आहे.

या वहीतून जे नियम निघाले ते थोडक्यात सांगतो.

पहिला नियम असा की, जे माप साऱ्या जगाने ठरविले आहे तेथे निःशंक देवघेव करावी. बेअरिंगवरील आकडा पाहा. ६२०५ म्हटले की आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. ६२०८ म्हटले की ४०, ८० आणि १८. कारखाना जर्मनीचा असो, जपानचा असो वा आपल्या देशातला, हे माप बदलत नाही. मात्र आकड्यापुढची अक्षरे वाचावी. झाकण आहे की नाही आणि आतली ढिलाई किती, हे ती सांगतात. तीच गोष्ट औते जोडण्याच्या पिनांची. हॅरी फर्ग्युसन यांनी तीन ठिकाणी जोडून औत उचलण्याची जी युक्ती रूढ केली, तिचे पुढे साऱ्या जगात वर्ग ठरले. पहिल्या वर्गात खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या व वरची १९ ची. दुसऱ्या वर्गात खालच्या २८ च्या व वरची २५ ची. वर्ग एक असेल तर एकाचा नांगर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला बेलाशक जुंपावा. मागच्या पीटीओच्या दांड्याचेही तसेच. सहा दातांचा, पावणेदोनांहून तीन अष्टमांश कमी, म्हणजे एक पूर्णांक तीन अष्टमांश इंचाचा दांडा आणि मिनिटास ५४० फेरे, हे माप बहुतेक ट्रॅक्टरांवर आढळते.

दुसरा नियम असा की, एकाच नमुन्याचे दोन ट्रॅक्टर असले तरी मोजल्याशिवाय भाग बदलू नये. जुने इंजिन कधीतरी उघडलेले असते. क्रँक घासून दहा थाउ, वीस थाउ, तीस थाउ लहान केलेला असतो आणि त्या मानाने बेअरिंगचे तुकडे जाड घातलेले असतात. सिलिंडर बोअर करून पिस्टन मोठा बसविलेला असतो. म्हणजे सख्खी भावंडेसुद्धा संसाराला लागल्यावर सारखी राहत नाहीत! आणि मोजताना झिजलेली जागा मोजू नये. जेथे घर्षण लागले नाही, तेथील माप हे त्या भागाचे जन्माचे माप.

तिसरा नियम वडिलांनी वहीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहिला आहे. जेथे माणसाचा जीव टांगलेला आहे, तेथे उसना भाग लावू नये. स्टिअरिंग, ब्रेक, चाकाचे बोल्ट आणि ट्रेलर जोडण्याची पिन, ही ती चार ठिकाणे. डायनामो दुसऱ्याचा लावला आणि बिघडला तर दिवा विझेल. डिझेलची गाळणी चुकली तर इंजिन बंद पडेल. परंतु भरल्या ट्रेलरास उतारावर ब्रेक लागला नाही, तर पुढे सायकलवर शाळेची मुले असतात. त्या ठिकाणी गिऱ्हाईक हातापाया पडले, कारखान्याचा नंबर चुकला, शेजारच्या दुकानदाराने ते काम करून दिले, तरीही आपण नाही म्हणावे. नाही म्हणणे हेही एक काम आहे, आणि त्याची मजुरी मिळत नाही म्हणून ते हलके ठरत नाही.

चौथा नियम, गिऱ्हाइकास खरे सांगावे. दुसऱ्याचा भाग लावला असेल तर तसे बोलून दाखवावे आणि चिठ्ठीवर लिहून द्यावे. उद्या तो ट्रॅक्टर दुसऱ्या मिस्त्रीपुढे उभा राहील. त्या मिस्त्रीस आपली करामत ठाऊक नसेल, तर आज आपण केलेली सोय हा त्याच्यासाठी सापळा होईल.

अध्यक्ष महाराज, आता शेवटची आणि मुख्य गोष्ट. आपल्या धंद्यात एक जुनी खोड आहे. कोणाचे कोणास बसते, ही विद्या आपण गुप्त ठेवतो. बापाने ती लेकाला मरताना सांगावी, कधी तर तीही न सांगता जावे. वीस कोसांवरच्या ज्ञातिबांधवास ती कळली तर आपले गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती. आम्हीही ही वही पुष्कळ वर्षे कपाटात कुलूप लावून ठेवली होती. मागल्या वर्षी आमच्या पुतणीने ती उघडली. ती आयटीआयमधून फिटरचे शिक्षण घेऊन दुकानात बसते आणि व्हर्नियर आमच्याहून चांगला वाचते. पाने चाळता चाळता तिने विचारले, "काका, त्या रात्री ही वही दुसऱ्या कोणापाशी असती आणि त्याने ती आजोबांना दाखविलेली असती, तर?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. बाराचा आटा तेराच्या भोकात जात नाही, हे त्या काळीही कोणास तरी ठाऊक होतेच. खुद्द आमच्याच पंचक्रोशीत ठाऊक असेल. त्या माणसाने ते आपल्या पोटात ठेवले, आणि एका पोराचा पाय गेला. आम्ही त्यास दोष देत नाही, कारण पुढे आम्हीही तेच केले.

म्हणून आम्ही आज ही वही ज्ञातिसभेच्या स्वाधीन करीत आहो. आमची विनंती एवढीच की, तिची नक्कल करून ती सभेच्या वाचनालयात कोणासही पाहता येईल अशी ठेवावी. आपल्या ज्ञातीतलाच असावा अशी अट घालू नये. ट्रॅक्टरवाला सर्व जातींचा असतो आणि ओढ्याचे वळणही कोणाची जात विचारीत नाही. ज्यांच्यापाशी मापे आहेत त्यांनी ती तिच्यात भरावी. ज्यांच्या हातून चुका झाल्या असतील त्यांनी त्याही लिहाव्या. नाव घालण्याची गरज नाही, माप घातले म्हणजे पुरे. आमची पहिली चूक पहिल्या पानावर आहे, तेव्हा मागाहून लिहिणाऱ्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींनी जुनी इंचाची मापे मिलिमीटरमध्ये लिहून काढली, तर या कामास नवी दृष्टी येईल.

आपल्या वाडवडिलांनी गावगाड्यात बलुत्याच्या मोबदल्यात साऱ्या गावाचे फाळ शेवटले. ज्याचा नांगर मोडला त्याचे घर आपले समजून ते अर्ध्या रात्री भाता फुंकीत बसले. आता औत बदलले आहे, भाता गेला आहे, परंतु दाराशी उभा राहून "बसंल का?" असे विचारणारा माणूस तोच आहे. त्यास उत्तर देण्यापूर्वी आपण माप घ्यावे आणि घेतलेले माप एकमेकांस द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.

वही टेबलावर ठेवली आहे. जेवणाच्या सुट्टीत तिला तेलकट हात लागले तरी चालतील; तिला त्याची सवय आहे.